येळवस नसलेलं साल

सकाळी सहा

मुंबईत सूर्य किती वाजता उगवतो याच्याशी नांदेडच्या माणसाला काय करायचंय? तरी भिंतीवरच्या बहुतेक कॅलेंडरांत तीच वेळ असते. नांदेड मुंबईच्या सव्वाचार अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य, आणि चंद्रही, सतरा-अठरा मिनिटं आधी वर येतो. लातूरचा पंधराएक मिनिटं आधी. शाळा-कचेऱ्यांना याचं काही नाही. पण संकष्टीला दिवसभर उपाशी राहून गच्चीवर ताम्हण घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या सतरा मिनिटांचं फार असतं. चंद्र समोर दिसतोय आणि कॅलेंडर म्हणतंय अजून उगवायचाय. अशा वेळी ती कॅलेंडरचं ऐकते आणि थांबते. आमच्याच गल्लीत बघितलंय.

म्हणून चंद्रोदयाची रांग मी घरीच, पहिल्या चहाबरोबर, डोकं ताजं आहे तोवर तपासते. २०२६ ची पहिलीच संकष्टी ६ जानेवारीला, मंगळवारी, म्हणजे अंगारकी. तिथं चूक गेली तर वर्षभर फोन.

माझे वडील गावजोशी. त्यांच्याकडून मला पंचांग बघणं आलं, पत्रिका बघणं आलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटायचं, मला नाही वाटलं. आता मी वजिराबादेतल्या एका प्रेसमध्ये पतपेढ्या, सराफ, आडते, हॉटेलवाले यांच्या कॅलेंडरांचा मजकूर बसवते. दिवाळी सरली की आमचा सीझन सुरू.

साडेआठ

उद्या त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे गुरु नानकांचं प्रकाशपर्व. रस्ताभर पंजाब-हरियाणाच्या नंबराच्या गाड्या, रिक्षावाल्यांचं मोडकंतोडकं पंजाबी, सगळीकडे गर्दी. सचखंड हुजूर साहिबात रोज भल्या पहाटे गोदावरीचं पाणी गागरीनं आणतात आणि तिथला दिवस सुरू होतो. त्याला माझी उदयास्ताची रांग लागत नाही.

प्रेसचं शटर अर्धं वर गेलं तोच एक गिऱ्हाईक आत. दखनी शीख आहेत, पिढ्यानपिढ्या नांदेडचे, मराठी माझ्यापेक्षा गोड बोलतात. त्यांच्या हॉटेलचं कॅलेंडर आम्हीच छापतो. हातात कच्चं प्रूफ.

"ताई, २०२५ च्या कॅलेंडरात दशमेश पित्याचा प्रकाशदिवस दोनदा होता. ६ जानेवारी आणि २७ डिसेंबर. आता २०२६ मध्ये एकदा बी नाही? नांदेडच्या कॅलेंडरात? लोक मला काय म्हणतील?"

प्रूफ बरोबर होतं. गुरु गोबिंदसिंगांचा प्रकाशदिवस पौष शुद्ध सप्तमीचा. ती सप्तमी २०२५ च्या डिसेंबरात येऊन जाते आणि पुढची थेट १५ जानेवारी २०२७ ला उगवते. मधल्या तीनशे पासष्ट दिवसांत पौष शुद्ध सप्तमी नाहीच.

ते क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणून तर तिकडं अमृतसरला पक्की तारीख केली होती ना."

केली होती. कॅनडात राहणारे पालसिंग पुरेवाल यांनी नानकशाही कॅलेंडर तयार केलं आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं ते २००३ साली लागू केलं. त्यात वर्षाची लांबी ऋतूंना धरून घेतली होती, त्यामुळे दशम गुरूंचा प्रकाशदिवस दरवर्षी ५ जानेवारीला, इकडे नाही तिकडे नाही. गणिताच्या अंगानं चोख काम. पण नांदेडचं हुजूर साहिब आणि पाटण्याचं तख्त, दोन्ही जुन्या, तिथीच्या बिक्रमी कॅलेंडरावरच राहिली. २०१० मध्ये नानकशाही कॅलेंडरातही दुरुस्त्या झाल्या आणि काही पर्वं पुन्हा तिथीकडे गेली. आमच्या गिऱ्हाइकाला यातलं सगळं माहीत होतं. त्यांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की दिवस हुजूर साहिबात ज्या दिवशी होतो तोच छापा, फक्त तो कुठं गेला ते खाली बारीक अक्षरात लिहा. लिहिलं.

दहा

लातूरहून फोन. मार्केट यार्डातले आडते, सोयाबीन आणि तुरीचा व्यवहार.

"ओ ताई, येळवस कुठं गेली ओ?"

मला हा फोन येणार हे माहीतच होतं. २०२३ च्या कॅलेंडराला हाच आला होता.

लातूर-धाराशिवकडे, आणि आमच्याकडेही थोडीफार, मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या. बोलताना सगळे येळवसच म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोप करायची, तिच्यात मातीचे किंवा दगडाचे पाच पांडव मांडायचे, त्यांना चुना लावायचा. पालेभाज्या, हिरवे दाणे, हरभरा-वाटाणा, जे जे रानात असेल ते बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठभर आंबिल. आंबिल आदल्या रात्री करून ठेवायचं, ताक आणि ज्वारीचं पीठ, वरून लसणाची फोडणी. माठ डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं तर पाय कसे टाकायचे हे माझ्या आजोळच्या बायकांकडून बघावं. लातुरात शिकवण्या लावायला राज्यभरातून पोरं येतात, पण त्या दिवशी लातुरातले रस्तेसुद्धा रिकामे दिसतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात ते उगीच नाही.

तर ही येळवस १९ डिसेंबर २०२५ ला आहे आणि त्यानंतर ७ जानेवारी २०२७ ला. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तिच्या आदल्या दिवशीच्या वद्य चतुर्दशीला भरते, घोड्या-गाढवा-उंटांचा मोठा बाजार असतो. तीही १८ डिसेंबर २०२५ ला आणि मग ६ जानेवारी २०२७ ला. म्हणजे २०२६ या साली नांदेडला माळेगाव नाही, दशमेश प्रकाशपर्व नाही आणि लातूरला येळवस नाही. या भागाचे तीन सगळ्यात आपले दिवस आणि तिन्ही गायब.

"मंग सालच खोटं धरायचं का?" आडत्यांनी विचारलं.

साल खोटं नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याला ३६५ लागतात. दर साली अकरा दिवसांचा फरक पडत जातो, म्हणून सण अकरा-अकरा दिवस मागं सरकत येतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा घातला की ते एकदम पुढं उडी मारतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्याच्या पुढचे सगळे सण उडी मारणार. जे डिसेंबरच्या मध्यावर होते ते जानेवारीत जाऊन पडणार. शेतात हरभरा जिथं असायचा तिथंच असणार, तुरीही तशाच. चुकतोय तो फक्त ३१ डिसेंबर, आणि त्या तारखेशी आकाशात काही घडत नाही.

"हां," आडते म्हणाले, "पण माझं कॅलेंडर तर ३१ डिसेंबरलाच संपतंय की."

हे मात्र खरं होतं. त्यांना म्हटलं, संध्याकाळी सांगते.

साडेअकरा

या धंद्यातली एक गुपित नसलेली युक्ती सांगते. नवं कॅलेंडर तपासायचं तर एकोणीस वर्षांपूर्वीचं काढायचं. एकोणीस सौर वर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्र महिने जवळजवळ तंतोतंत सारखे भरतात. त्यात सात अधिक महिने बसतात. माळ्यावरून २००७ चं काढलं. त्यातही अधिक ज्येष्ठ, १७ मेपासूनच. गणेश चतुर्थी तेव्हा १५ सप्टेंबरला, आता १४. लक्ष्मीपूजन तेव्हा ९ नोव्हेंबरला, आता ८. एका दिवसाच्या वर कुठं फरक दिसला तर समजायचं आपल्या ऑपरेटरनं कुठंतरी ओळ खाली सरकवली आहे.

दुपारी बारा

मंगल कार्यालयाचे मालक आणि सराफ, दोघं एकाच बाकावर. एक रडवेला, एक खुशीत.

अधिकात लग्न नाही. मराठवाड्यात लग्नं म्हणजे मे महिना, पेरणीच्या आधी. त्यातले पंधरा दिवस आणि जूनचा निम्मा हातचा गेला. सराफाची मात्र चैन. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे. त्यांना मेच्या पानावर ताटाचं चित्र हवंय, मोठं.

कार्यालयवाल्यांना मी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून त्यांना आणखीच वाईट वाटलं. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही तो अधिक. सूर्य वृषभेत जातो १५ मे ला, त्यानंतर १७ ला पहाटे दीडच्या सुमारास अमावस्या संपून महिना सुरू होतो. तो महिना संपतो १५ जूनला सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी. आणि सूर्य मिथुनेत शिरतो त्याच दिवशी, दुपारी एकच्या आसपास. साडेचार-पाच तास! तेवढे तास सूर्य आधी पोचला असता तर हा महिना साधा ज्येष्ठ ठरला असता, लग्नं लागली असती, आणि अधिक आषाढ आला असता, तसाही पावसाळ्यातला.

"म्हणजे माझा सीझन साडेचार तासांनी गेला?"

तसंच. आणि ती रास कुठं सुरू होते हे आकाशात रेघ मारून ठेवलेलं नाही. चित्रा ताऱ्यावरून मोजायचं की रेवतीवरून, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वान भांडले. सोलापूरचं दाते पंचांग चित्रेकडचं, टिळक पंचांग रेवतीकडचं. दोन्हींत राशींचा आरंभ चारएक अंशांनी, म्हणजे सूर्याच्या चारएक दिवसांनी वेगळा. आमच्याकडे सगळे दातेंवर चालतात, म्हणून मीही.

दीड

डबा. वरण-भात, ठेचा. पुढं.

अडीच

उर्दू पानं मामूंची. पूर्वी ते कातिब होते, बोरूनं लिहायचे. आता कॉम्प्युटरवर बसतात, पण नुक्ता चुकला तर अजूनही 'तौबा' म्हणून कानाला हात लावतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये निजामाच्या काळातली एक जंत्री आहे, कागदाचा तुकडा पडेल म्हणून ती कुणाला हात लावू देत नाहीत. एका पानावर हिजरी, इसवी, शके, संवत आणि फसली, पाच रांगा शेजारी शेजारी. फसली साल आजूर महिन्यानं ऑक्टोबरात सुरू व्हायचं. इकडच्या जुन्या खासऱ्यांवर, जन्मनोंदींवर तेच असतं, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९० मिळवायचे, पुढची असेल तर ५९१, हे तहसीलसमोर बसणारा कोणताही अर्जनवीस सांगेल. आज लोकांना चार रांगा जड वाटतात. तेव्हा पाच चालत होत्या.

आज आमच्या दोघांचं काम १९ मार्चवर अडलं होतं. त्या दिवशी सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी अमावस्या संपते. चंद्र, सूर्य एका रेषेत येऊन गेले. आता या एका मिनिटाचं काय काय होतं बघा.

माझ्या रांगेत: प्रतिपदा ६.५३ ला सुरू होते आणि २० मार्चच्या पहाटे पाचच्या आतच संपते. म्हणजे मुंबईत १९ च्या सूर्योदयाला ती अजून आलेली नाही, २० च्या सूर्योदयाला ती गेलेली. कोणत्याच सूर्योदयाला सापडली नाही, म्हणून क्षय. तरी गुढीपाडवा १९ लाच, शके १९४८ सुरू. चंद्र त्या दिवशी कुणालाही दिसणार नाही, आणि कुणी बघायलाही जाणार नाही. गणितात चंद्र पुढं सरकला, पुरे झालं, गुढी उभी.

मामूंच्या रांगेत: रमजानचा पहिला रोजा १९ फेब्रुवारीला धरला तर १९ मार्च हा एकोणतिसावा. त्या संध्याकाळी सगळे पश्चिमेकडे बघणार. पण चंद्राचं वय तेव्हा जेमतेम बारा तास. पंधरा तासांपेक्षा लहान कोर नुसत्या डोळ्यांनी दिसल्याची खात्रीची नोंद जवळपास नाही. मामूंना हे माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. म्हणजे तिसावा रोजा होणार आणि ईद २१ ला.

"मग २१ मार्च पक्कं छापू?"

"छापा. पण कंसात 'चाँद दिसण्यावर' लिहा."

"दिसणार नाही हे तुम्हीच सांगताय ना."

"हिसाब तो सांगतो. गवाही हिसाब देत नाही, आदमी देतो." आणि मग हसून, "चाँद हैदराबादेत दिसो की नांदेडात, फोन तर येणारच ना रात्री. लोकांना तो फोन पाहिजे."

मला हे पटतं. पुष्कळ शिकलेली माणसं म्हणतात की गणित आलंय तर डोळ्यांनी बघायचा हट्ट कशाला. पण मग पाडव्याला कुणी चंद्र बघत नाही त्याचं त्यांना नवल का वाटत नाही? मिनिट एकच. एकानं ते कागदावर मानलं, दुसऱ्यानं साक्षीदार मागितला. खगोलशास्त्राचं दोघांशीही भांडण नाही.

सव्वाचार

सौर तारखेची रांग. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली, तिनं देशभरातली पंचांगं तपासली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय कॅलेंडर लागू झालं. ऋतूंशी जुळणारं, स्वच्छ, सरकारी गॅझेटवर छापलं जाणारं. त्याच्या चैत्र १ ला कुणी गुढी उभारत नाही. ही रांग ऑपरेटर पोरगा न विचारता बसवतो आणि मी न वाचता पास करते.

आणि संक्रांत. लोकांना वाटतं ती कायम १४ जानेवारीची. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं, सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतो. खरं उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ लाच लागून गेलेलं असतं. तिळगूळ मात्र जानेवारीतच गोड लागतो, थंडी तेव्हा असते.

पाच

ग्रहण. दरवर्षी हीच रांग सगळ्यात जास्त वेळ खाते.

३ मार्च २०२६, धुळवड. खग्रास चंद्रग्रहण. स्पर्श दुपारी ३.२०, खग्रास ४.३४ ते ५.३३, मोक्ष ६.४७. खग्रासाचा सगळा खेळ आपल्या क्षितिजाखाली. चंद्र नांदेडला साडेसहाच्या आसपास ग्रासलेलाच उगवणार, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं, तीही संधिप्रकाशात. मुंबईकरांना तर काही मिनिटंच.

एका पतपेढीच्या अध्यक्षांना वेध कधी लागतात, काय खावं, गर्भवतीनं काय करू नये, सगळं हवंय. दुसरं गिऱ्हाईक एक हायस्कूल, तिथले विज्ञानाचे सर अंनिसचं काम करतात. त्यांचा आग्रह की वेधाचा शब्दही नको, उलट 'नुसत्या डोळ्यांनी बघा' असं मोठ्या टायपात हवं. दोघांचे कागद एकाच टेबलावर.

माझा नियम जुना आहे. स्पर्श-मोक्ष सगळ्यांना. वेध ज्याला हवेत त्याला, तेही वेळेपुरते. व्रत करणाऱ्याला ती वेळ लागते. चिरू नका, कापू नका, झोपू नका हे मी छापत नाही, कुणाच्याच कॅलेंडरात. अध्यक्ष रागावले. दरवर्षी रागावतात, दरवर्षी ऑर्डर देतात.

हा घोळ आजचा नाही. इथंच गोदाकाठच्या पार्थपूरच्या ज्ञानराजानं १५०३ साली 'सिद्धान्तसुन्दर' लिहिला (अभ्यासक पार्थपूर म्हणजे परभणीकडचं पाथरी मानतात). त्याच्यापुढं एका बाजूला पुराणातला राहू होता, दुसऱ्या बाजूला पृथ्वीची सावली. ग्रहणाची वेळ त्यानं सावलीवरून काढली आणि पुराणाशीही मेळ घालायचा प्रयत्न केला. त्याच्यानंतर सतरा वर्षांनी गणेश दैवज्ञाचं 'ग्रहलाघव' आलं, सोपं, भरभर गणित करता येईल असं, आणि पुढची तीन-चारशे वर्षं त्यावर पंचांगं निघाली. (गणेश दैवज्ञ नंदिग्रामचा, म्हणून आमच्याकडचे उत्साही लोक त्याला नांदेडकर करून टाकतात. तो कोकणातल्या नांदगावचा.) ग्रहणं हळूहळू वेळ चुकवायला लागली तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपातली गणितं घेऊन नवं पंचांग काढलं, १८६५ मध्ये. त्याला विरोध झालाच. पण शेवटी भटजींनाही ग्रहण सांगितल्या वेळेला लागायला हवं असतं. नाही लागलं तर नदीत उभे असलेले लोक विचारतात. माझ्या वडिलांचं तर सरळ होतं: गणित जिथलं अचूक तिथलं घ्यायचं, आणि स्नान गोदावरीत करायचं.

साडेसहा

राहिलेल्या दोन रांगा अशा की ज्यांत आकाशाचा संबंध कमी आणि माणसांचा जास्त. धम्मचक्र प्रवर्तन दिन: बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवशी १४ ऑक्टोबर होता आणि दसराही. त्यानंतर दोन्ही वेगळे पडत गेले. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला. आम्ही १४ आणि २०, दोन्हींवर अशोकचक्र टाकतो. शिवजयंती: १९ फेब्रुवारी तारखेनं, ६ मार्च तिथीनं, फाल्गुन वद्य तृतीया. गंमत म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली. आजच्या हिशेबानं तो १ मार्च येतो. हे मी एकदाच एका गिऱ्हाइकाला सांगितलं. आता ज्याला जी हवी ती लाल करते.

आठ

मालक आले. आता आडत्यांचा प्रश्न. मी म्हटलं, डिसेंबरच्या पानामागं जानेवारी २०२७ चे पहिले पंधरा दिवस छापू. ६ ला माळेगाव, ७ ला येळवस, १५ ला दशमेश प्रकाशपर्व, आणि त्याच दिवशी संक्रांतही.

"मागची बाजू म्हणजे दुसरी छपाई. कागद, शाई, मजुरी, कोण देणार?"

आडत्यांना फोन लावला. त्यांनी दर विचारला, घासाघीस केली, आणि अट घातली की त्या पंधरा दिवसांच्या खाली त्यांच्या दुकानाचं नाव, आणि येळवशीच्या चौकटीत आंबिलाच्या माठाचं चित्र. हॉटेलवाल्या सरदारजींना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. त्यांना १५ च्या चौकटीत निशाण साहिब हवं. पतपेढीचे अध्यक्ष म्हणाले आम्हालाही द्या, पण फुकट.

"त्यांना नाही," मालक म्हणाले. "आधी मागचं बिल."